कागद आहे, पण कुठे आहे?



फोनवरच्या एआयशी मराठीत बोलता येतं, कागदाचा फोटो दाखवला तर तो वाचतो, यादी करून देतो, हे आता वेगळं सांगायला नको. घरातल्या मुलांनी, नातवंडांनी एव्हाना तुम्हाला ते करून दाखवलं असेल. चॅटजीपीटी असो, जेमिनी असो, क्लॉड असो, आजच्या कामाला कुठलाही चालेल. मला बोलायचं आहे ते त्या यादीतल्या एकाच रकान्याबद्दल. रकान्याचं नाव ‘कुठे’.

बरेच जण हौसेने सुरुवात करतात. कपाटातल्या फाइली काढतात, एकेका कागदाचा फोटो घेतात आणि ‘याची नीट यादी कर’ म्हणून सांगतात. मिनिटाभरात सुबक तक्ता तयार होतो. घरपट्टीची पावती, विम्याची पॉलिसी, मुदत ठेवी, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सगळं तारखेनिशी. बघून समाधान वाटतं, आणि फाइली परत कपाटात जातात. त्या तक्त्यात मूळ कागद घरात कुठल्या जागी आहे याचा एक शब्दही नसतो. असणार कसा? फोटोत कागद दिसतो, कागद ज्या ट्रंकेत आहे ती ट्रंक दिसत नाही.

बँकेत नोकरीला असताना बरीच वर्षं मृत खातेदारांच्या दाव्यांचं टेबल माझ्याकडे होतं. समोर बसलेल्या बाईंना विचारावं, ‘वहिनी, साहेबांची आणखी कुठे ठेव होती का?’ उत्तर बहुतेक वेळा एकच यायचं. ‘ते ह्यांनाच ठाऊक.’ मग महिन्या-दोन महिन्यांनी पावती सापडायची. कधी ज्ञानेश्वरीच्या पानांत, कधी कप्प्यात अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली, कधी जुन्या लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात. ज्यांची सापडली त्यांचं काम झालं. आणि नुसती पावती हरवली असेल तरी बँकेत तोड निघते, हमीपत्र लिहून घेतात आणि रक्कम देतात. पण ठेव होती हेच घरात कुणाला माहीत नसेल, तर तोड काढायला बँकेत येणार कोण?

मुदत संपून १० वर्षं कुणी विचारलंच नाही, तर ती ठेव रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जमा होते. २०१४ पासून ही व्यवस्था आहे. ते पैसे बुडत नाहीत, वारस नंतरही मागू शकतात. शोधायला २०२३ पासून ‘उद्गम’ नावाचं पोर्टलही आहे. पण त्यात ३० बँका आहेत. तुमच्या गावातली पतसंस्था त्यात नाही. पतसंस्था सहकार खात्याच्या कक्षेत येतात, रिझर्व्ह बँकेच्या या शोधात त्यांची पावती सापडणार नाही. आणि आपल्याकडे अर्धा-एक टक्का व्याज जास्त मिळतं म्हणून पतसंस्थेत ठेवलेले पैसे किती घरांत असतात, ते तुम्हीच आठवा. त्या पावतीचा ठावठिकाणा तुमच्या डोक्याबाहेर कुठेही नाही. म्हणून मी ‘कुठे’, ‘कुठे’ असं करते आहे.

स्वयंपाकघरातली मांडणी डोळ्यांपुढे आणा. एकसारखे स्टीलचे डबे ओळीने लावलेले. आईने अंधारात हात घातला तरी रवा कुठला आणि साबुदाणा कुठला ते तिला कळतं. तीच आई चार दिवस माहेरी गेली, की घरातली बाकीची माणसं एकेक झाकण उघडत बसतात. आता या मांडणीपुढे तुमचा एआय आणून उभा करा. तुम्ही झाकण उघडून दाखवलंत तर तो छान चिठ्ठी लिहून देईल. पण झाकण तुम्ही उघडायचं आणि चिठ्ठीही तुम्हीच डकवायची. उद्या डबा मांडणीवरून उचलून माळ्यावर ठेवलात, तर त्याला ते कळायचं नाही. त्याच्या लेखी रवा दुसऱ्या फळीवर, डावीकडून तिसराच.

शिवाय मैदा आणि तांदळाची पिठी दोन्ही पांढरी. फोटोत त्याला फरक कळेलच असं नाही, पण तो गप्प बसत नाही, दोनातलं एक ठामपणे लिहून मोकळा होतो. जुना हाताने लिहिलेला सातबारा दाखवून बघा. तलाठ्याच्या घाईच्या अक्षरातला १ आणि ९ यांत आपलीच गफलत होते. एआय गट नंबर बिनदिक्कत चुकवेल आणि तक्ता मात्र इतका नेटका देईल की तुम्हाला शंकाही येणार नाही. म्हणून आकडा आला की मूळ कागदाशी ताडून बघायचा. आधीच बजावून ठेवा, ‘वाचता आलं नाही तर तिथे वाचता आलं नाही असंच लिही, अंदाज करू नकोस.’ त्यानंतरही ताडायचंच. मोडीतले कागद असतील तर त्याच्या वाचनावर एक ओळही विसंबू नका, मोडी जाणणाऱ्या माणसाकडे जा.

मग त्याचा उपयोग काय, असं म्हणाल. उपयोग आहे, आणि मोठा आहे. हे काम आपण वर्षानुवर्षं टाळतो ते लिहिण्याच्या कंटाळ्याने, आणि तो कंटाळा एआय दूर करतो. कपाटासमोर खुर्ची टाकून बसा आणि नुसतं बोला. ‘गोदरेजच्या कपाटात वरच्या कप्प्यात निळी फाइल आहे. तिच्यात घराचा करारनामा, इंडेक्स टू आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आहे. खाली बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात पोस्टाची पासबुकं आहेत, एक माझं, एक ह्यांचं.’ असं जसं दिसेल तसं, मागचंपुढचं झालं तरी चालेल. तो त्याच्या ओळी पाडून देईल. मग त्याला विचारा, ‘कुठल्या ओळीत कुठे हा रकाना रिकामा आहे? त्याबद्दल मला एकेक प्रश्न विचार.’ हे मात्र तो न थकता करतो. घरच्यांनी तेच दुसऱ्यांदा विचारलं की आपण चिडतो, याच्यावर चिडायचं कारण पडत नाही.

आणि ‘कुठे’ म्हणजे फक्त कपाट आणि कप्पा नव्हे. काही डबे मुळात आपल्या मांडणीवर नसतातच, ते दुसऱ्याच्या घरी असतात. गावच्या जमिनीचं मूळ खरेदीखत थोरल्या भावाकडे असतं, फेरफाराची नक्कल पुतण्याने नेलेली असते. तिथे ‘दादांकडे, कोकणातल्या घरी’ असं लिहा. घरावर कर्ज असेल तर मूळ करारनामा बँकेकडे असतो, तिथे ‘बँकेत’ लिहा आणि कर्ज कधी फिटणार ते साल लिहा. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत मिळाले पाहिजेत, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. पण कागद बँकेत आहेत हे मुलांना माहीत असेल, तरच कुणी मागायला जाईल ना? वाहन परवाना, गाडीची नोंदणी असलं काही डिजिलॉकरमध्ये असेल तर तेही लिहा.

भांडी, जुने फोटो, माळ्यावरची खोकी यांनाही हेच लागू आहे. खोक्यावर मोठा आकडा घाला आणि त्या आकड्याखाली काय आहे ते एआयला सांगा, पुरे.

आता एक सक्त सूचना. घरातली सगळी गुपितं त्याच्या स्वाधीन करू नका. आधार कार्डाचा पूर्ण फोटो, पॅन, पासवर्ड, एटीएमचा पिन यांतलं काहीही त्याला द्यायचं नाही. यादीला खात्याचे शेवटचे चार आकडे पुरतात. आधार दाखवायचंच झालं तर आधीचे आकडे झाकलेलं मास्क्ड आधार मिळतं, ते वापरा. आपलं बोलणं त्याच्या शिकवणीसाठी वापरू नये, अशी सोय बऱ्याच सहायकांच्या सेटिंगमध्ये असते, ती मुलांकडून बघून घ्या. काही श्रोते म्हणतील, मग फोटोच कशाला काढायचा? नकाच काढू. तोंडी सांगा. ‘कुठे’ सांगायला फोटो लागत नाही.

‘कुठे’च्या शेजारी ‘नॉमिनी’ हा रकाना हवा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेतल्या ठेवीला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात, एकाच वेळी वाटा ठरवून किंवा एकामागून एक अशा क्रमाने. लॉकरला मात्र फक्त क्रमानेच. जुन्या ठेवींवर कुणाचं नाव आहे ते बघून घ्या. लग्नाआधी वडिलांचं लावलेलं नाव तसंच राहिलेलं मी पुष्कळदा पाहिलं आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही लक्षात असू द्या. ठेवीचे पैसे त्याच्या हाती येतात, मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात ज्यांची नावं आहेत त्यांची. शेअर्सच्या बाबतीतही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केलं आहे. याबद्दल सविस्तर बोलायला हवं, पण घड्याळ पुढे चाललं आहे.

कारण जी तुम्ही हमखास विसराल ती गोष्ट अजून राहिली आहे. यादी झाली, सगळे रकाने भरले. ती यादी कुठे आहे? तुमच्या फोनमध्ये! आणि फोन उघडतो तुमच्या बोटाने. म्हणजे आईने सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, स्वयंपाकघराला कुलूप घातलं आणि किल्ली पदराला बांधून माहेरी गेली. श्रोतेहो, एवढी मेहनत करून असं करू नका. यादी कागदावर छापून घ्या, मोठ्या अक्षरात. एक प्रत घरात आणि एक ज्याच्यावर तुमचा विश्वास आहे अशा माणसाच्या हातात. मुलगी न्यू जर्सीत असेल तर तिला पाठवा आणि पुण्यातल्या भाच्यालाही द्या, कारण धावून येणार तो. आणि देताना बसवून दाखवा. ‘ही निळी फाइल, हा डबा.’ त्याला एकदा हात लावू द्या. मुलं ‘आत्ता कशाला हे?’ म्हणतील. तुम्ही ऐकू नका.

पेन्शनर मंडळी नोव्हेंबरात हयातीचा दाखला देतात. त्याच आठवड्यात यादी बाहेर काढा, काय हललं, काय मोडलं, कुठली ठेव नव्या पावतीवर गेली ते एआयला सांगा आणि नवी प्रत छापा. जुनी फाडून टाका, नाहीतर घरात दोन याद्या होतील आणि लोक चुकीची धरतील.

 मृत्युपत्राचं सांगितल्याशिवाय मात्र उठणार नाही. ते साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी सक्तीची नाही. एआयकडून त्याचा मसुदा करून घेतलात तर वकिलाला दाखवा. आणि ते एकुलतं एक मृत्युपत्र बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नका. लॉकर तुमच्या एकट्याच्या नावावर असेल आणि त्याला नॉमिनी नसेल, तर तुमच्यामागे तो उघडण्यासाठी घरच्यांना बँकेत दावा दाखल करावा लागतो, आणि त्या दाव्यासाठी जो कागद हाताशी हवा तोच आत अडकलेला असतो. ते घरी ठेवा, कपाटात, पाकिटावर ठळक नाव घालून, आणि यादीत त्याच्यापुढे कप्पा लिहा.