माजी सैनिक आणि नगराचे उद्यान

सेनेतील बहुसंख्य जवान पस्तिशी-चाळिशीतच निवृत्त होतात; संसाराचा खर्च नेमका तेव्हाच वाढलेला असतो. असा एखादा जवान आपल्या लहानशा शहरात नगरपालिकेच्या बागेत कामाला लागतो. पहाटे पाणी देणे, आळी करणे, तण काढणे, रात्री फाटक लावणे हा त्याचा दिनक्रम. शिस्त त्याला शिकवावी लागत नाही. धीर मात्र नव्याने शिकावा लागतो, कारण रोप हुकूम मानत नाही!

या मनुष्यबळाचे मोल शासनाने पूर्वीच ओळखले आहे. चुनखडीच्या खाणींनी उजाड केलेल्या मसुरीच्या डोंगरांवर वनीकरणासाठी १९८२ मध्ये प्रादेशिक सेनेची पर्यावरण बटालियन उभी राहिली, ती माजी सैनिकांच्याच बळावर.

१९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत उद्याने हा विषय नागरी संस्थांच्या कामांत येतो. मात्र अनेक ठिकाणी बागकाम ठेक्याने दिले जाते. केंद्रीय सेवांत गट ‘क’मधील थेट भरतीच्या १० टक्के जागा माजी सैनिकांसाठी राखीव असतात, ठेकेदाराच्या हजेरीपटाला असे बंधन सहसा नसते. तेथे पंधरा-वीस वर्षांच्या सैनिकी सेवेचा माणूस केवळ रोजंदार म्हणून नोंदला जातो आणि ठेका बदलला, की त्याचे नाव पुन्हा नव्याने लिहावे लागते.