प्रकाशाचा कारागीर : व्ही. के. मूर्ती

(माहिती अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणवर्गातील व्याख्यानाचा संपादित भाग)

काही वर्षांपूर्वी एका माहितीपटाच्या प्रदर्शनाचे निवेदन मी लिहिले होते. त्यात दिग्दर्शकाचे नाव आले, निवेदकाचे आले, प्रमुख पाहुण्यांचेही आले. छायालेखकाचे मात्र राहून गेले. तो गृहस्थ शेवटच्या रांगेत बसला होता. ती चूक माझीच होती. तिचे स्मरण ठेवूनच आज मी छायालेखक व्ही. के. मूर्ती यांच्याविषयी बोलणार आहे.

मूर्ती यांचा जन्म १९२३ साली म्हैसूर येथे झाला. बंगलोरच्या जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमधून छायालेखनाची पदविका घेऊन ते मुंबईत आले. १९५१ च्या 'बाजी' या चित्रपटाच्या वेळी ते केवळ साहाय्यक होते. एका गीताच्या चित्रणात आरशातील प्रतिबिंबापासून सुरू होणारे अवघड दृश्य त्यांनी सुचविले व स्वतः चित्रितही केले. दिग्दर्शक गुरुदत्त इतके प्रसन्न झाले की, पुढील 'जाल' (१९५२) पासून स्वतंत्र छायालेखनाची जबाबदारी त्यांनी मूर्तींवर सोपविली. 'प्यासा' (१९५७) हे याच सहयोगाचे फळ होय.

'कागज के फूल' (१९५९) हा भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट. त्यातील एका गीतासाठी रिकाम्या स्टुडिओत वरून उतरणारा प्रखर झोत हवा होता. दिव्यांनी तो परिणाम साधेना. तेव्हा मूर्तींनी स्टुडिओबाहेर उन्हात एक मोठा आरसा ठेवला; त्यावरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश आत उंचावर बसविलेल्या दुसऱ्या आरशावर घेतला आणि तेथून तो खाली सोडला. सूर्य सर्वांचाच, पण तो कोठून आत घ्यावा, हे ज्ञान मात्र कष्टाने मिळवावे लागते. चित्रपट आर्थिकदृष्ट्या अपयशी ठरला. त्यातील प्रकाशयोजना आजही अभ्यासली जाते. 'साहिब बीबी और गुलाम' (१९६२) मधील एका नृत्यगीतात त्यांनी मुख्य नर्तकीला उजेडात आणि साथीच्या नर्तकींना छायेत ठेवले. गीताचे चित्रण ही स्वतंत्र कला आहे, हे त्यातून पटते.

१९६४ मध्ये गुरुदत्त गेले. मूर्तींचे काम मात्र थांबले नाही. ऐंशीच्या दशकात दूरदर्शन घरोघरी पोहोचले, तेव्हा साठी उलटलेले मूर्ती त्या लहान पडद्याकडे वळले. भीष्म साहनींच्या कादंबरीवरील 'तमस' ही मालिका १९८८ मध्ये प्रसारित झाली. तिचे दिग्दर्शक गोविंद निहलानी हे एकेकाळी मूर्तींचेच साहाय्यक. शिष्याच्या दिग्दर्शनाखाली काम करण्यात गुरूला कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट आपल्यासारख्या श्रेणीबद्ध व्यवस्थेत वावरणाऱ्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. 'तमस' म्हणजे अंधार. मालिकेचा प्रारंभच एका कोंदट, अंधाऱ्या खोलीत होतो. सिनेमास्कोपच्या विस्तीर्ण पडद्यावर नाव कमावलेल्या माणसाने घरातील छोट्या चौकटीतही अंधाराचे मोल कमी होऊ दिले नाही. श्याम बेनेगल यांच्या 'भारत एक खोज' या मालिकेच्या छायालेखनातही त्यांचा वाटा होता.

२००८ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना २०१० मध्ये प्रदान झाला. हा मान मिळविणारे ते पहिले छायालेखक. तेव्हा त्यांचे वय ८६ होते. २०१४ साली बंगळूर येथे त्यांचे निधन झाले.

मित्रहो, आज शाळेचा उपक्रम असो वा ग्रामसभा, चित्रण आपणही करवून घेतो. तेव्हा दोन गोष्टी कराव्यात. व्यासपीठ कोठे मांडावयाचे हे ठरविण्यापूर्वी प्रकाश कोणत्या दिशेने येतो ते पाहावे, म्हणजे बोलणाऱ्या ग्रामस्थाचा चेहरा काळोखात जाणार नाही. आणि चित्रण करणाऱ्याचे नाव निवेदनात अवश्य लिहावे. दुसऱ्यांना उजेडात आणणारा माणूस स्वतः अंधारात राहू नये, एवढीच माझी विनंती आहे.