टी.व्ही. घरात आला, पुस्तक का आलं नाही?

(तेलगाव, जि. बीड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘पोरं वाचत नाहीत, सारखा टी.व्ही. बघत बसतात’ ही तक्रार आता घराघरांत ऐकू येते. टी.व्ही. निदान एका कोपऱ्यात असायचा. मोबाईल आला आणि पडदा खिशात, अंथरुणात शिरला. यावर शहरातले शहाणे सोपा तोडगा सांगतात : टी.व्ही. बंद करा, पोराच्या हातात पुस्तक द्या. मी विचारतो, कुठलं पुस्तक? कुठून आणायचं? ज्यांच्या घरात आज्यापासूनचं पुस्तकांचं कपाट आहे, त्यांनी हे बोलावं. आपल्या वस्तीत टी.व्ही. यायच्या आधी तरी पुस्तक होतं का?

तेलगावचंच बघा. इथं साखर कारखाना आहे. तरी दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, माजलगाव भागातल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. अंगावर मुकादमाची उचल. आई-बाप अंधारात फडात जातात आणि कोपीवर थोरली पोरगी धाकट्याला सांभाळते. पहिली शाळा सुटते ती तिची. मार्च-एप्रिलात परत यावं, तर वर्ग पुढं निघून गेलेला. अशी पोरगी संध्याकाळी कुणाच्या तरी मोबाईलवर नाचगाणं बघत रमली, तर तिला आळशी म्हणायचा अधिकार कुणाला आहे? मला तरी नाही.

पण म्हणून हा विषय सोडून देता येत नाही. उचल किती, खाडे किती, टनेज किती भरलं, हा सगळा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. ज्याला ती वही वाचता येत नाही तो अंगठा उठवतो, आणि पुढच्या साली त्याच मुकादमाच्या दारात उभा राहतो. शाळेत चार-पाच इयत्ता काढूनही ज्या पोराला एक पान सलग वाचता येत नाही, ते पोरगं उद्या याच वहीपुढं उभं राहणार आहे. साहेबाच्या पोराला वाचन हा छंद असेल. आपल्या पोराला ते हिशेब मागायचं हत्यार आहे.

आता पडदा काय करतो ते सांगतो. जानेवारी १९८७ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ मालिका सुरू झाली. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे. आपल्याही वस्त्यांतली माणसं ज्याच्या घरी टी.व्ही. असेल त्याच्या दारात दाटीवाटीनं बसायची. त्याच साली महाराष्ट्र शासनानं बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा चौथा खंड काढला, ‘रिडल्स इन हिंदुइझम’. त्यातलं राम-कृष्णावरचं परिशिष्ट काढून टाका म्हणून शिवसेनेसह काही संघटना रस्त्यावर उतरल्या. सरकार डळमळलं. मग फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत दलितांचा प्रचंड मोर्चा निघाला. शेवटी परिशिष्ट राहिलं, पण शासन या मतांशी सहमत नाही अशी टीप जोडून.

एकच काळ, एकच राम. पडद्यावरची कथा लाखो लोक बघत होते आणि त्यांना मधे थांबवून ‘शंबुकाचं काय झालं?’ असं विचारायची सोय नव्हती. पुस्तकातलं पान तोच प्रश्न विचारत होतं, म्हणून ते पान फाडायचं होतं. प्रस्थापितांना कशाची भीती वाटते हे यावरून ओळखा. आणि स्वतःलाही विचारा : ज्या पानांसाठी आपण रस्त्यावर आलो, ती पानं आपल्या किती घरांत उघडली गेली?

कुणी म्हणेल, टी.व्ही.वर बाबासाहेबही आले. खरं आहे. २०१९ साली ‘स्टार प्रवाह’वर बाबासाहेबांच्या जीवनावरची मालिका सुरू झाली. वस्त्या-वस्त्यांत लहान पोरांनी भिवाचं बालपण डोळे लावून बघितलं. याचा मला आनंदच आहे. टी.व्ही. फोडा असं मी सांगत नाही. पण मालिका संपल्यावर त्या पोरानं विचारलं की भिवा काय वाचायचा, तर आपण त्याच्या हातात काय ठेवलं? तिथंच आपलं घोडं अडतं.

भिवाला तरी पुस्तक कुठून मिळालं? सुभेदार रामजींची पेन्शन तुटपुंजी. परळच्या चाळीत एकच खोली. पोरगा नवं पुस्तक मागायचा आणि बाप लेकीच्या दारात जायचा. तिच्याकडं पैसे नसले तर दागिना मागायचा, तो गहाण ठेवायचा आणि पुस्तक घेऊन घरी यायचा. पेन्शन आली की दागिना सोडवायचा. दुसरा माणूस कृष्णाजी अर्जुन केळूसकर. चर्नी रोडच्या बागेत एकटा वाचत बसणारा हा मुलगा त्यांनी हेरला, त्याला पुस्तकं दिली, आणि १९०७ साली तो मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. १९५६ साली नागपूरला जे घडलं त्याची एक वाट त्या भेटीतूनही जाते. बापानं ‘वाच, वाच’ म्हणून नुसता धोशा लावला नाही. त्यानं पुस्तक आणलं. बहिणीनं दागिना दिला. केळूसकरांनी बागेत गाठून पुस्तक हातात दिलं.

टी.व्ही. आणायला कुणाची विनवणी करावी लागत नाही. तो हप्त्यावर मिळतो, जाहिरात करत दारात येतो. पुस्तक मात्र कुणालातरी उचलून आणावं लागतं. ते आणणारे हात आपले असले पाहिजेत. म्हणून या मेळाव्यातल्या तरुणांना माझं मागणं सरळ आहे.

टोळी निघते तेव्हा गाडीवर भांडी, पीठ, कोंबड्या जातात. त्यात पुस्तकांची एक पत्र्याची पेटी चढवा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे ढीग लागतात आणि त्याच सुमाराला टोळ्या निघतात. तिथून येताना पेटी भरून आणा. सहा डिसेंबरला फडावरचा माणूस चैत्यभूमीवर येऊ शकत नाही. मुंबई-पुण्याच्या मित्रांनी तिथं एक पुस्तक स्वतःला घ्यावं आणि एक कोपीवरच्या पोरीला. पेटीत नुसते जाड खंड नकोत. चित्रांची पुस्तकं घ्या, नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त पुस्तकं घ्या, मोठ्या पोरांसाठी अण्णाभाऊंचा ‘फकिरा’ घ्या. १९५९ सालची ती कादंबरी शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेल्या माणसानं लिहिली आणि बाबासाहेबांना अर्पण केली, हेही पोरांना सांगा.

जी पोरं आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात मागं राहतात, त्यांच्यासाठी विहारात, समाजमंदिरात रोज अर्धा तास मोठ्यानं वाचन करा. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आपल्या वस्त्यांना हे नवं नाही. ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ असेच वाचले गेले, एकाच्या डोळ्यांनी आणि पन्नासांच्या कानांनी. पोरगं मधेच प्रश्न विचारेल. विचारू द्या, वाचन थांबवा, उत्तर शोधा. पडदा थांबत नाही, आपण थांबू शकतो.

आणि गावात अनुदानावर चालणारं वाचनालय असेल तर तिथं घुसा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानं दिलेला तो पैसा जनतेचा आहे. कपाटाला कुलूप असेल तर किल्ली मागा. पोरांना सोबत घेऊन मागा, म्हणजे मागायचं कसं तेही ती शिकतील.

या हंगामात किमान एका टोळीबरोबर पेटी गेली पाहिजे. कुठल्या टोळीबरोबर जाणार, कोण भरणार, कोण पोचवणार, ते आज उठायच्या आत ठरवा.

जयभीम.