दया कोणाची, सोय कोणाची?
(प्रौढ वर्गात केलेले भाषण)



आज पाट्या जरा बाजूला ठेवू या. आज वाचन नाही, बोलणे आहे.

मागच्या गुरुवारी वर्ग सुटला तेव्हा आपल्यातल्या एक आजी मागे थांबल्या. पिशवीतून त्यांनी घडी घातलेला एक कागद काढला. म्हणाल्या, "मास्तर, हा कागद मी आख्खा वाचला. कुणाला विचारलं नाही." आम्हाला आनंद झाला. आम्ही कागद हातात घेतला, वाचला, आणि आमचा आनंद तिथेच थांबला.

तो कागद जनावरांच्या निवाऱ्यातला होता. आजींच्या दारच्या मोत्याला ट्रकची धडक बसली. पाठीचा कणा मोडला, मागचे पाय गेले. नातवाने टेम्पोत घालून त्याला निवाऱ्यात नेले. डॉक्टरांनी तपासले, चार दिवस औषध दिले. मग म्हणाले, "हा आता उठणार नाही. दुखणे मात्र वाढत जाईल. सुई देऊन सोडवू या." नातवाने सही केली. 'या प्राण्यास वेदनारहित मृत्यू देण्यास माझी संमती आहे', असे त्या कागदावर छापलेले होते. आजी सहा महिने वर्गाला येतात. त्यांनी स्वतः वाचलेला पहिला सरकारी वळणाचा कागद तो हा.

आजी म्हणाल्या, "अकरा वर्षं त्याला भाकरी घातली, आणि शेवटी मरण घातलं. हे पुण्य का पाप, तेवढं सांगा."

आम्हाला उभ्या उभ्या उत्तर देता येईना. आम्ही आठ दिवस मागून घेतले. आजींना विचारूनच आज हा प्रश्न सगळ्यांपुढे मांडतो आहोत, कारण तो एकट्या आजींचा नाही.

आपल्याकडे हा वाद जुना आहे. मुंबईत इंग्रज सरकार भटकी कुत्री मारवीत असे. एक कुत्रा मारला की आठ आणे बक्षीस. आठ आण्यांच्या लोभाने माणसे घरात शिरून कुत्री ओढून नेऊ लागली. १८३२ साली पारशी लोक याविरुद्ध रस्त्यावर आले. दुकाने बंद झाली, दंगल झाली. पुढे दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईत पांजरपोळ उभी राहिली. मारू नका, आम्ही सांभाळतो, असे सांगणारी ती जागा. पांजरपोळीची रीत अशी, की जनावर म्हातारे होवो, लंगडे होवो, त्याला चारापाणी द्यायचे आणि मरण त्याचे त्याला येऊ द्यायचे.

रीत चांगली खरी. पण जनावर तळमळत असेल तर? तरीही मरणाची वाट बघत बसायचे काय?

हा प्रश्न महात्मा गांधींपुढे आला. साल होते १९२८. अहमदाबादजवळ साबरमतीच्या आश्रमात एक वासरू जायबंदी झाले. त्याच्यावर उपचार केले, सेवा केली. पण त्याला कूस बदलतानाही असह्य वेदना होत. डॉक्टरांनी हात टेकले. गांधीजींनी आश्रमातल्या लोकांशी चर्चा केली. काहीजण विरुद्ध होते. ते म्हणाले, जो जीव आपण देऊ शकत नाही तो घ्यायचा आपल्याला अधिकार काय? गांधीजींनी ते ऐकून घेतले. शेवटी डॉक्टरांकरवी वासराला विषाची सुई देवविली. दोन मिनिटांच्या आत सारे संपले.

गांधीजींनी ही गोष्ट लपविली नाही. आपल्या पत्रांतून ती छापली. मग काय विचारता! रागाच्या पत्रांचा पाऊस पडला. अहिंसा सांगणारा माणूस वासरू मारतो, तेही गाईचे! पण गांधीजी डगमगले नाहीत. आपल्या मुलाची अशी अवस्था झाली असती तरी आपण हेच केले असते, असे त्यांनी लिहिले.

पण मंडळी, त्याच लेखात दुसरीही एक गोष्ट होती. लोक ती विसरतात. आश्रमाच्या शेतात वानरे येत आणि पिकाची, फळांची नासाडी करीत. त्यांना मारावे का? गांधीजींनी लिहिले की वानरे मारली तर ती हिंसाच होईल. का बरे? वासराला मारले ते वासराच्या भल्यासाठी. वानरांना मारायचे ते आपल्या भल्यासाठी. मरण दोन्हीकडे तेच, पण कारण निराळे.

पुढे गांधीजींनी असे मरण केव्हा चालेल याच्या चार अटी सांगितल्या. रोग बरा न होणारा असावा. सर्वांनी आशा सोडलेली असावी. कसलीही सेवा उपयोगी पडणार नाही अशी स्थिती असावी. आणि त्या जिवाला आपली इच्छा बोलून दाखविता येत नसावी. या चार अटी बोटांवर मोजून लक्षात ठेवा. पुढे त्या लागणार आहेत.

आता आजच्या निवाऱ्यांकडे येऊ. निवारा म्हणजे काय? काही पिंजरे, एक-दोन डॉक्टर, चार कामगार. पिंजरे मोजके आणि जनावरे रोज येणार. कुणी जखमी कुत्रा आणतो. कुणी पिल्ले खोक्यात घालून रात्री फाटकाशी ठेवून जातो. कुणी घर बदलतो आणि पाळलेला कुत्रा सोडून देतो. एका पिंजऱ्यात दोनाच्या जागी पाच होतात. मग भांडणे होतात, रोग पसरतो. एका पिल्लाला जुलाब लागले की सगळी पिल्ले जातात.

अशा ठिकाणी मरणाचा प्रश्न दोन तोंडांनी येतो. एक तोंड मोत्याचे आहे. कणा मोडला, वेदना थांबत नाहीत. दुसरे तोंड वेगळे. कुत्रा धडधाकट आहे, पण त्याला घर नाही आणि निवाऱ्यात जागा नाही. दोन्हींसाठी सुई एकच, आणि कागदावर शब्दही एकच, दयामरण. सगळा घोटाळा इथे होतो.

अमेरिकेत हा वाद फार गाजला. तिथे निवारे भरले की निरोगी कुत्री-मांजरेसुद्धा काही दिवस ठेवून मारून टाकीत. याविरुद्ध लोक उठले. धडधाकट जनावर मारायचे नाही, असे व्रत काही संस्थांनी घेतले. सॅन फ्रान्सिस्को शहरात १९९४ साली तसा करारच झाला. तिथे मोजमापही ठरले आहे. शंभर जनावरे आली तर निदान नव्वद वाचली पाहिजेत, तरच न मारणारा निवारा म्हणायचे.

यावर दुसऱ्या बाजूचे लोक म्हणतात, "तुमचे हात स्वच्छ राहतात ते आमच्यामुळे. तुमचा निवारा भरला की तुम्ही दार लावून घेता. परत पाठविलेला कुत्रा कुठे जातो? आमच्याकडे येतो, नाहीतर गाडीखाली जातो. वर्षानुवर्षे पिंजऱ्यात कोंडून ठेवणे ही तरी दया का?"

ही बाजूही हसण्यावारी नेऊ नका. सकाळी जो कामगार कुत्र्याला दूध पाजतो, त्यालाच संध्याकाळी सुईसाठी त्याचा पाय धरावा लागतो. तो निर्दय नसतो. आपण रस्त्यावर टाकलेले ओझे तो उचलत असतो.

मग तिथे फरक कशाने पडला? २०११ च्या सुमारास अमेरिकेतल्या निवाऱ्यांत वर्षाला अंदाजे २६ लाख जनावरे मारली जात. २०१९ पर्यंत हा आकडा ९ लाख २० हजारांवर उतरला. निवाऱ्यात येणारी जनावरे कमी झाली आणि आलेल्यांना घरे अधिक मिळाली. म्हणजे बघा, निवाऱ्यातला वाद निवाऱ्याच्या बाहेर, लोकांच्या दारात सुटत गेला.

आता आपला कायदा काय म्हणतो? प्राण्यांना क्रूरतेने वागविण्याला बंदी करणारा कायदा १९६० साली झाला. त्यात एक विचार करण्यासारखी गोष्ट आहे. एखाद्या जनावराला जिवंत ठेवणे हेच क्रूरपणाचे होईल अशी न्यायालयाची खात्री पटली, तर त्याची सुटका करण्याचा हुकूम देता येतो. कुत्र्यांसाठी २००१ साली नियम झाले, २०२३ साली नवे आले. त्यांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी करायची, लस टोचायची आणि जिथून उचलले तिथे सोडायचे. मरण द्यायचे ते फक्त बरे न होणाऱ्या आणि मरणाच्या दारी टेकलेल्या कुत्र्याला. तेही पात्रता असलेल्या पशुवैद्याने, शिरेतून औषध देऊन, वेदना न होता. आणखी एक नियम आहे. एका कुत्र्याला दुसऱ्या कुत्र्यासमोर मरण द्यायचे नाही. नियम लिहिणाराचे मन तिथे दिसते.

२०२५ साली हा विषय घरोघर पोचला. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि भोवतालची कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा असा हुकूम दिला. २२ ऑगस्टला मोठ्या पीठाने तो बदलला. नसबंदी आणि लस झाल्यावर परत सोडा, मात्र पिसाळलेली आणि अंगावर धावणारी सोडू नका, असे सांगितले. ७ नोव्हेंबरला शाळा, इस्पितळे, बसस्थानके, रेल्वेस्थानके इथली कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवण्याचा हुकूम झाला. या हुकमांमागे लेकरांना झालेले चावे होते. ज्याच्या घरी असे लेकरू आहे, त्याला नुसती भूतदया सांगून भागत नाही. पिसाळण्याचा रोग माणसात एकदा दिसू लागला की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून कुत्रा चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. हळद, चुना, मंत्र यांत वेळ घालवू नका.

पण निवारे भरू लागले की तो जुना प्रश्न पुन्हा उभा राहणार. जागा नाही, आता काय? तेव्हा त्या चार अटी आठवा. रोग बरा न होणारा. आशा संपलेली. सेवेचा उपयोग नाही. बोलता येत नाही. यांत 'पिंजरा भरला' ही अट आहे का? नाही. 'खर्च परवडत नाही' आहे? नाही. 'त्रास होतो' आहे? तीही नाही. त्या तीन गोष्टी खऱ्या असतील, पण त्या आपल्या सोयीच्या आहेत. सोयीला दया म्हटले की माणूस स्वतःलाच फसवितो. आणि एकदा फसविता आले, की आज कणा मोडलेला, उद्या म्हातारा, परवा नुसता नको असलेला, अशी ती वाट उतरत जाते.

मात्र एक गोष्ट सरळ सांगितली पाहिजे. 'मारू नका' म्हणणाऱ्याने नुसते म्हणून मोकळे होऊ नये. १९२६ साली अहमदाबादेत एका गिरणीमालकाने साठ भटकी कुत्री मारविली, तेव्हा लोकांना वाटले गांधीजी त्याला दोष देतील. त्यांनी उलट लोकांनाच विचारले, ही कुत्री रस्त्यावर ठेवली कोणी? उष्टा तुकडा टाकायचा आणि पाठ फिरवायची, ही दया नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. ते अनेकांना कडू लागले. पण खोटे होते का?

म्हणून आमचे म्हणणे असे. कुत्रा पाळला तर शेवटपर्यंत पाळा. त्याची नसबंदी करा, दरवर्षी लस टोचा. पिल्ले खोक्यात घालून कुणाच्या फाटकाशी ठेवू नका. गल्लीतल्या कुत्र्याला भाकरी घालता ना, मग नसबंदीची गाडी येईल त्या दिवशी त्याला पकडून द्यायलाही पुढे व्हा. तो तुमच्याच हाताला येतो. आणि विषाचा गोळा कधी घालू नका. तो गुन्हा आहे, आणि ते मरण फार वाईट असते.

आजी, आता तुमचा कागद. आम्ही तो त्या चार अटींशी लावून पाहिला. मोत्याचा कणा जुळणारा नव्हता. डॉक्टरांनी चार दिवस पाहिले, घाई केली नाही. सेवा करून त्याची वेदना थांबत नव्हती. त्याला बोलता येत नव्हते. नातवाची सही मोत्यासाठी होती, स्वतःच्या सोयीसाठी नव्हती. आम्ही त्याला पाप म्हणणार नाही. तुमच्या डोळ्यांना पाणी येते ते येऊ द्या. ते पाणी येते म्हणूनच तो कागद खरा आहे. ज्या निवाऱ्यात असे कागद कोरड्या डोळ्यांनी, गठ्ठ्याने सही होऊ लागतील, तिथे मात्र जाऊन विचारा. आता तुम्हाला वाचता येते.

पुढच्या गुरुवारी येताना प्रत्येकाने एक ओळ लिहून आणावी. आपल्या दाराशी किती कुत्री आहेत, आणि त्यांतल्या कितींना लस टोचली आहे. अक्षर वाकडे आले तरी चालेल. आकडा मात्र खरा लिहा.