पुन्हा पाहिलेले चित्रपट



चित्रपट थिएटरातून उतरला की तो संपला, अशी समजूत आपल्याकडे फार दिवस होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती. एकदा हुकलेला बोलपट पुन्हा केव्हा दृष्टीस पडेल याची शाश्वती नसे. आता ती स्थिती पालटली आहे. हातातल्या मोबाईलवर तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे चित्रपट घरबसल्या पहावयास मिळतात. गेल्या पावसाळ्यात मी १९९० ते १९९९ या दशकातले काही मराठी चित्रपट अशा रीतीने पुन्हा पाहिले. त्यांतले काही त्या काळी तुफान गाजलेले होते. काही पारितोषिके मिळवून मुकाट्याने विस्मृतीत गेलेले होते. दोन्ही प्रकारचे चित्रपट शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्यावर जे मनात आले, ते आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

हे चित्रपट मी चलथाणला बसून पाहिले, हे प्रथम सांगितले पाहिजे, कारण चित्रपट कोठे बसून पाहिला यावरही त्याचा अर्थ थोडाफार अवलंबून असतो. सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या ताप्ती लाइनवर उधना सोडले की थोड्याच वेळात चलथाण लागते. येथे सहकारी साखर कारखाना आहे. सभोवती कापडाच्या गिरण्या आणि यंत्रमाग आहेत. ऊसतोडीच्या हंगामात खानदेशातून आणि डांगातून माणसे मुकादमाची उचल घेऊन, कोयते आणि पोरेबाळे बरोबर घेऊन येतात. बारमाही राहणारी मराठी वस्तीही या सगळ्या पट्ट्यात मोठी आहे. धुळे, जळगाव, नंदुरबार या बाजूची ही मंडळी घरात अहिराणी बोलतात, बाजारात गुजराती, आणि लग्नपत्रिका मराठीत छापतात. गाव रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर. पण रजा आणि तिकिटाचे पैसे यांचा मेळ बसला तरच ते अंतर एका रात्रीचे! नवापूर स्टेशनात महाराष्ट्र आणि गुजरात यांची सीमा फलाटावरूनच जाते, याचे परक्याला कौतुक वाटते. आमच्या लोकांना तेथे फक्त आता गाव जवळ आले, किंवा गाव मागे पडले, एवढेच कळते.

अशा वस्तीत नव्वदीच्या दशकात मराठी चित्रपट पोहोचणे सोपे नव्हते. मुंबई दूरदर्शनवरचे मराठी चित्रपट येथे दिसत नसत. मराठीची स्वतंत्र खासगी उपग्रह वाहिनी १९९९ साली निघाली. तोवर भाड्याने आणलेला व्हिडिओ, केबलवाल्याची मर्जी, किंवा गावी गेल्यावर जत्रेतला तंबू, हेच मार्ग होते. तरीही एक चित्रपट असा होता की जो न पाहिलेली मराठी बाई या पट्ट्यात शोधून सापडली नसती. तो म्हणजे १९९१ सालचा विजय कोंडके यांचा ‘माहेरची साडी’.

या चित्रपटाची शहरी समीक्षकांनी पुष्कळ थट्टा केली, आणि ती पुढे एक रूढीच होऊन बसली. रडका चित्रपट म्हणावयाचे झाले की त्याचे नाव घ्यावयाचे! थट्टेला जागा आहे, हे मी नाकारीत नाही. त्यातील सासूचा दुष्टपणा भडक आहे, पार्श्वसंगीत प्रत्येक हुंदक्यावर ओरडते, आणि योगायोगांची तर रेलचेल आहे. ही कथाही मूळची मराठी नव्हे. ‘बाई चाली सासरिये’ या राजस्थानी चित्रपटावरून ती घेतलेली होती, आणि पुढे १९९४ साली तीच ‘साजन का घर’ या नावाने हिंदीत गेली. पण एकाच कथेला तीन भाषांतल्या बायका रडतात, तेव्हा दोष केवळ त्यांच्या अभिरुचीचा मानून चालणार नाही. या कथेतला बाप आपल्याच मुलीला जन्मापासून अपशकुनी समजतो. मायेने पाहील असा भाऊ तिला एकच. अलका कुबल यांनी ही मुलगी कसलाही आव न आणता उभी केली आहे. आजूबाजूचा सगळा आक्रस्ताळेपणा चालू असताना त्या एकट्याच खालच्या पट्टीत राहतात, हे मला या वेळी नव्याने जाणवले.

आणि साडीचे म्हणाल तर सुरत हे साड्यांचेच शहर. खानदेशातल्या बहिणीला भाऊबीजेला मिळणारी साडी पुष्कळदा येथल्याच मागावर निघालेली असते, आणि तो माग चालविणारा हात तिच्या भावाचाच असण्याचा संभव असतो. बारा तासांची पाळी करणाऱ्या माणसाला या चित्रपटाच्या नावातच आपले वर्षाचे देणे दिसले असेल, तर त्यात हसण्यासारखे काय आहे?

याच्या पाठोपाठ मी ‘दोघी’ पाहिला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा चित्रपट १९९५ सालचा. सामाजिक प्रश्नांवरील चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक त्याला लाभले; प्रेक्षक मात्र फारसा लाभला नाही. आमच्या वस्तीत तो पाहिलेला माणूस मला अद्याप भेटलेला नाही. गौरी आणि कृष्णा या दोन बहिणी. गौरीच्या लग्नाच्या दिवशीच नवरदेव अपघातात दगावतो, बाप अंथरुणाला खिळतो, आणि पांढऱ्या पायाची म्हणून सगळे गाव गौरीकडे बोट दाखविते. मामा तिला मुंबईला नेतो आणि तेथे ती देहविक्रयाच्या बाजारात जाते. तिच्या पैशावर घर तगते. पुढे धाकटीच्या लग्नाला ती गावी येते, तेव्हा आई त्या मंगल कार्यात तिची सावलीही पडू देत नाही. रेणुका दफ्तरदार आणि सोनाली कुलकर्णी यांनी बहिणींच्या, आणि उत्तरा बावकर यांनी आईच्या भूमिका केल्या आहेत. मामा झाले आहेत सदाशिव अमरापूरकर.

दोन्ही चित्रपटांतली मुलगी अपशकुनीच आहे, याकडे माझे लक्ष या वेळी प्रथमच गेले. एक चित्रपट लाखोंनी पाहिला, दुसरा मूठभरांनी; गोष्टीचे मूळ मात्र एकच. फरक पडतो तो पैशाच्या ठिकाणी. ‘माहेरची साडी’त मुलगी माहेराकडून मायेची अपेक्षा करते. ‘दोघी’त माहेरच मुलीच्या कमाईवर जगते आणि तिला मात्र उंबरठ्याबाहेर ठेवते. बाहेरगावाहून आलेला पैसा घराला चालतो, तो मिळविताना माणसाचे काय झाले हे कोणी विचारीत नाही. हा प्रश्न केवळ गौरीचा नव्हे. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेगची साथ आली आणि हजारो कामगार मिळेल त्या गाडीने गावाकडे निघाले, तेव्हा कित्येक ठिकाणी त्यांच्याकडे संशयाने पाहिले गेले. त्यांनी धाडलेल्या मनीऑर्डरींकडे तसे कोणी पाहिले नव्हते. ‘दोघी’ त्यानंतर वर्षभराने आला. तो आमच्या वस्तीत त्या वेळीच पोहोचता, तर येथल्या माणसांना त्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज पडली नसती. अवघड चित्रपट लोकांना नको असतात, असे वितरक म्हणतात. लोकांपुढे ते ठेवलेच कोणी, हे मात्र कोणी सांगत नाही.

लक्ष्मीकांत बेर्डे यांच्याविषयी थोडे निराळे बोलावे लागेल. ‘धडाकेबाज’, ‘एकापेक्षा एक’, ‘झपाटलेला’ या चित्रपटांनी त्यांना घराघरात नेले. ‘झपाटलेला’तला तात्या विंचू हा रामदास पाध्ये यांचा बाहुला आजही मुलांना भिववितो आणि हसवितो, त्याविषयी अधिक सांगण्याचे कारण नाही. पण १९९२ साली याच नटाला घेऊन डॉ. जब्बार पटेल यांनी ‘एक होता विदूषक’ काढला. पटकथा पु. ल. देशपांडे यांची, गीते ना. धों. महानोर यांची आणि संगीत आनंद मोडक यांचे. ‘गुळाचा गणपती’ १९५३ सालचा. त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी पु. ल. चित्रपटाकडे वळले होते. तमाशाच्या फडात वाढलेला आबूराव सिनेमातला नट होतो आणि अखेर राजकारण्यांच्या सभांना गर्दी जमविण्याचे साधन बनतो, अशी ही कथा आहे. राष्ट्रीय पारितोषिक मिळूनही तो चालला नाही. लक्ष्या दिसला की हसावयाचे, असा प्रेक्षकांचा करार होता, आणि या चित्रपटाने तो मोडला. आज पाहताना तो थोडा लांबलेला वाटतो, उत्तरार्धात सैलही पडतो. पण आबूरावाचा चेहरा हसरा राहून डोळे विझत जातात, ते काम पाहिले म्हणजे या नटाकडून आपण काय मागावयाचे राहिलो, याची चुटपुट लागते. बेर्डे २००४ साली गेले.

गुजरातेत राहणाऱ्याने गुजराती चित्रपटांचा उल्लेख टाळणे कृतघ्नपणाचे होईल. १९९८ च्या ‘देश रे जोया दादा परदेश जोया’ या चित्रपटाने गुजराती पडद्यावर गर्दीचा उच्चांक केला, आणि त्या गर्दीत मराठी माणसेही थोडी नव्हती. मला मात्र उपेंद्र त्रिवेदी यांचा १९९३ चा ‘मानवीनी भवाई’ अधिक मोलाचा वाटतो. पन्नालाल पटेल यांच्या कादंबरीवरचा हा चित्रपट संवत १९५६ च्या, म्हणजे छप्पनिया दुष्काळाची कहाणी सांगतो. त्यानंतर दोनच वर्षांनी अमोल पालेकरांनी व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ पडद्यावर आणली. तिथेही शेवटी दुष्काळच आहे. तरण्या मास्तराने मेंढरांच्या त्या वाडीत शाळा रुजविली, गावकऱ्यांनी अंगमेहनतीने तालीम उभारली, आणि पाऊस न आल्यामुळे वाडी उठून चालती झाली. उठलेली वाडी गेली कोठे, हे कादंबरीने सांगितलेले नाही. चलथाणच्या उसाच्या फडात खोपी करून राहणारी कुटुंबे पाहिली की त्याचे एक उत्तर समोर दिसते.

शेवटी एका व्यावहारिक गोष्टीकडे लक्ष वेधतो. यांतले बहुतेक चित्रपट मी ज्या प्रतींवरून पाहिले, त्या जुन्या व्हिडिओ कॅसेटवरून उतरविलेल्या आहेत. रंग विटलेले, चित्राच्या दोन्ही कडा कापलेल्या, गाण्याच्या मध्येच आवाज बुडालेला. या चित्रपटांची फिल्म ज्या प्रकारची असते, ती उष्ण आणि दमट हवेत शिर्क्यासारखा वास सोडीत कुजते. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून जतनाचे काम करीत आहे, आणि अलीकडे जुन्या चित्रपटांच्या नव्या डिजिटल प्रती करण्याची मोठी योजनाही हाती घेतली गेली आहे. पण अशा कामात मूकपटांना आणि प्रारंभीच्या बोलपटांना अग्रहक्क मिळणे साहजिक आहे. नव्वदीचे चित्रपट कालचेच वाटतात, म्हणून मागे राहतात. ज्या निर्मात्यांच्या गुदामात किंवा वितरकांच्या माळ्यावर यांचे डबे अजून पडून असतील, त्यांनी ते एकदा उघडून पहावेत. ‘माहेरची साडी’च्या विटक्या प्रती निदान पुष्कळ आहेत; ‘दोघी’सारख्यांच्या तितक्याही नाहीत.