दागिन्यांतील दोरा, फीत आणि कातडे
(वार्षिक ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



चालकांनी मला बोलण्याची आज्ञा केली तेव्हा शिक्षण किंवा संघटन यांपैकी एखादा विषय मी घेईन अशी त्यांची समजूत असावी. जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाकडून दुसरे काय अपेक्षावयाचे? परंतु गेले काही महिने आपल्या मंडळींत एका गोष्टीची कुजबूज चालू आहे. ती ऐकूनच मी आजचा विषय निवडला. आपल्याच एका घरातील मुलगी चांदीचे मणी आणि जुनी नाणी चामड्याच्या बारीक दोरीत व रेशमी फितीत ओवून गळ्यातले करते आणि विकते. माल चांगला खपतो. तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी तिच्या वडिलांस विचारले, “पटवेकऱ्याची पोर कातड्याला हात कशी लावते?” मुलीचे नाव मी येथे घेणार नाही, आणि त्या गृहस्थांचेही नाही. मात्र तो प्रश्न उघडपणे विचारात घेण्याजोगा आहे.

प्रथम आपला धंदा काय होता हे तरुण मंडळींसाठी थोडक्यात सांगणे भाग आहे, कारण पुष्कळांस आडनावापलीकडे त्याची माहिती उरलेली नाही. जुन्या इंग्रजी गॅझेटियरांत पटवेकऱ्यांचे वर्णन ‘गोंडे करणारे’ असे केलेले आढळते. वर्णन खोटे नाही, पण फार अपुरे आहे. गोंडा हा शेवट झाला. त्याआधीचे सारे काम, म्हणजे रेशीम पिळणे, पदर जुळवणे, मणी ओवणे, गाठवणे, गोफ विणणे आणि कलाबतूने मढवणे, हे पाहणाऱ्याच्या डोळ्यांत भरत नाही, आणि भरू नये अशीच कारागिराची इच्छा असते.

महाराष्ट्रातील जुने दागिने डोळ्यांपुढे आणा. ठुशीचे बारीक गोल मणी दाटीवाटीने बसतात आणि मागचा गोफ सरकवून ती गळ्याच्या मापाला लहानमोठी करता येते. वज्रटीक तर कापडाच्या गादीवरच उभी असते. गादी काढली तर हातात निव्वळ सुटे मणी राहतील. चिंचपेटीच्या मोत्यांच्या पेट्या मागे दोऱ्यानेच बांधावयाच्या. कोल्हापुरी साजात एकवीस पानड्या धरतात: दहा दशावतारांच्या, आठ अष्टमंगळाच्या, एक माणकाची, एक पाचूची आणि शेवटचे डोरले. पानडीपानडीच्या मध्ये जवमणी. ही सगळी देवमंडळी आपापल्या जागी सरळ उभी राहतात ती ओवणाऱ्याच्या जोरावर. मंगळसूत्रास तर नावच सूत्राचे आहे! सोन्याच्या दोन वाट्यांना मान मिळतो तो काळ्या पोतीत बसल्यावर. आणि बाया आजही ‘मंगळसूत्र गाठवून घेतले’ असेच म्हणतात.

माझे वडील रविवार पेठेत एका ओसरीवर बसून हे काम करीत. दोऱ्याचे एक टोक पायाच्या अंगठ्याला अडकवावयाचे, दुसरे डाव्या हाती ताणून धरावयाचे आणि उजव्या हाताने पदर भरावयाचे. रेशीम हातात आले की ते ओवण्याआधी वजन बांधून ताणून ठेवीत. ताणलेले नसले तर महिन्याभरात माळ लांबते आणि मण्यांमध्ये दोरा दिसू लागतो. मोत्यांच्या सरात दोन मोत्यांच्या मध्ये एकेक गाठ. गिऱ्हाइकास वाटे की ही दोऱ्याची उधळपट्टी आहे. वस्तुतः गाठ असली की मोती मोत्यावर घासत नाही. आणि सर तुटलाच तर एखादाच मोती निसटतो, सगळे मोती घरभर घरंगळत नाहीत. मण्याच्या भोकाची कड ते बोटाने चाचपून पाहत. कड धारदार असेल तर दोरा कितीही चांगला असो, तो तेथेच कातरला जाणार. भोकात मेणाचा हात देऊन मगच मणी ओवीत. सोन्याच्या पोकळ मण्यांत लाख भरलेली असते, म्हणून त्यांच्याजवळ दिवा आणू देत नसत.

हे ज्ञान पुस्तकात नव्हते. मी मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करली, धाकट्या बंधूंनी कारखान्यात नोकरी धरली, आणि ती ओसरी रिकामी झाली. घरोघरी थोड्याफार फरकाने हेच घडलेले आहे. यांत कोणास दोष द्यावा असे मला वाटत नाही. त्या मजुरीत मुलांची पोटे भरत नव्हती.

मजुरी का नव्हती, हे मात्र पाहिले पाहिजे. सोन्याच्या बिलात सोन्याचा भाव असतो, घडणावळ असते; ओवणावळ कोठे लिहिलेली मी क्वचितच पाहिली आहे. काही वर्षांपूर्वी घरातील बोरमाळ एका दुकानी नव्याने ओवून घेतली. बिलावर ‘दोरा: मोफत’ असे लिहून आले. दुकानदार सज्जन होता. त्याला यात औदार्य दिसले असावे. दोरा मोफत असेल, पण तो ओवणारा माणूस आतल्या खोलीत दोन तास मान खाली घालून बसला होता, त्याचे काय? २०२१ च्या जूनपासून ठरवून दिलेल्या जिल्ह्यांत सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क सक्तीचा झाला. सोन्याची शुद्धता त्यावरून कळते, हे उत्तमच झाले. दोरा किती वर्षे टिकेल हे सांगणारा शिक्का मात्र कोणीच मारीत नाही.

आता कातड्याकडे वळतो.

गळ्यात कातडे ही नवी पाश्चात्त्य थेरे आहेत, असे म्हणणाऱ्यांनी पुण्याहून जेजुरीस जाऊन यावे. खंडोबाचे वाघ्ये भंडाऱ्याची पिशवी जवळ बाळगतात आणि ती परंपरेने वाघाच्या कातड्याची असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर असे कातडे वापरता येत नाही, ते योग्यच; पण देवाचा भंडारा कातड्यात ठेवण्यास कोणा भक्ताने विटाळ मानल्याचे ऐकिवात नाही. बेंदराला किंवा पोळ्याला बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळ घालतात. तिची घुंगरे चामड्याच्या पट्ट्यावर शिवलेली असतात, आणि त्याच बैलाच्या शिंगांना आपल्या हातचे गोंडे! देवळातील पखवाज तर दोन्ही तोंडांना कातड्याने मढवलेला आणि कातडी वाद्यांनीच ताणलेला असतो. त्याच्या साथीने भजन चालते तेव्हा आपण टाळ्या वाजवतो. मग मुलीने त्याच जातीच्या वादीत चांदीचा मणी ओवला तर आपल्या कपाळावर आठी का पडावी?

या आठीचे खरे कारण आपण सर्व जाणतो. कातडे कमावणाऱ्या माणसास दूर ठेवण्याची रीत होती, आणि त्याच्या हातची वस्तू वापरताना मात्र कोणाची हरकत नव्हती. राज्यघटनेने १९५० साली अस्पृश्यता रद्द केली. बोलण्याच्या ओघात ती अजून डोके वर काढते, ज्ञातीच्या बैठकीत तर विशेष. हे कटू आहे, पण आपल्या घरातच बोलावयाचे नाही तर कोठे?

वास्तविक त्या कारागिराची आणि आपली विद्या सख्ख्या बहिणींसारखी आहे. कोल्हापुरी वहाण हातात घेऊन पाहा. तिच्या पट्ट्यावर कातड्याच्या बारीक पट्ट्यांची वेणी घातलेली असते. वर गोंडा असतो. वेणी आणि गोंडा हे शब्द आपल्याही घरातलेच आहेत. बाभळीची साल आणि हिरडा यांनी ते कातडे कमावतात. २०१९ साली या वहाणेस भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांसाठी. २०२५ च्या जूनमध्ये इटलीतील मिलान शहरी एका मोठ्या पेढीने तिच्यासारख्याच वहाणा आपल्या प्रदर्शनात आणल्या, तेव्हा येथे केवढा गहजब झाला आणि त्या पेढीस मूळ कोठले ते मान्य करावे लागले! चर्मकार बंधूंच्या वेणीला जगाने नाव दिले. आपल्या गोफाला अद्याप आपणच नाव दिलेले नाही.

त्या मुलीचे काम मी मुद्दाम जाऊन पाहिले. कातडे दोऱ्याप्रमाणे वागत नाही, हे तिला अनुभवाने कळले आहे. त्याची दोरी जाड, म्हणून जुन्या सोन्याच्या बारीक भोकाच्या मण्यांत ती जात नाही. मोठ्या भोकाचा मणी घ्यावा लागतो किंवा पदकाला कडी लावावी लागते. घामातील मिठाने कातडे कालांतराने ताठते व चिरते, म्हणून उन्हाळ्यात रोज वापरण्याची माळ त्यात करू नये. तांब्यापितळेचा मणी फार दिवस कातड्याला लागून राहिला तर कातड्यातील तेलाने हिरवी कीट धरते. चांदी काळवंडली तरी पुसता येते. आणि गाठ! कातड्याची गाठ ओबडधोबड होते आणि मानेला टोचते. दुकानी मालात तेथे धातूची टोपी चिकटवतात. डिंक सुटला की टोपी निघते. या मुलीने काय केले, तर कातड्याची दोन्ही टोके शेजारी ठेवून त्यांवर रेशमाचा पीळ घट्ट गुंडाळला, वर कलाबतू चढवली आणि मागे सरकती गाठ दिली. डिंकाचा थेंब नाही. ते मढवण पाहून मी क्षणभर बोललो नाही. आजीने शिकवले, असे ती म्हणाली.

सरकत्या गाठीवरून आठवले. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात पुरुष गळ्यात कातड्याचा गोफ घालतात. त्यावर एक नक्षीदार चकती वरखाली सरकते आणि टोकांना धातूची बोंडे असतात. १९७१ पासून तो त्या राज्याचा अधिकृत गळपट्टा आहे. आपल्या ठुशीच्या मागचा गोफ आणि तो, यांत तत्त्वतः काय फरक आहे?

फितीविषयी थोडेच सांगतो. शाळेत दोन वेण्या आणि लाल रिबिनी मी जन्मभर पाहिल्या. प्रार्थनेच्या वेळी नीट बांधलेली आणि तिसऱ्या तासाला सुटून पाठीवर लोंबणारी रिबीन हे साटिनच्या गुळगुळीतपणाचे प्रात्यक्षिकच होय. दागिन्यात साटिनची गाठ तशीच निसटते. तेथे आडव्या रेघांची खरबरीत फीत घ्यावी अथवा टोक दुमडून टाका घालावा. ठाणातून कापलेल्या पट्टीचे धागे सुटतात, विणतानाच काठ धरलेल्या फितीचे सुटत नाहीत. कृत्रिम धाग्याची फीत असेल तर टोक दिव्यावर किंचित धरले की वितळून बंद होते. रेशमाला हा प्रयोग करू नये, ते जळते. मखमली पट्टीवर मणी टाकून मुली हल्ली ज्याला चोकर म्हणतात, ती वज्रटिकीची नातच आहे.

आता पैशाचे दोन शब्द. केंद्र सरकारची विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तीत अठरा व्यवसाय घेतले आहेत. सोनार आहे, चर्मकार आहे, फुलांच्या माळा करणारा मालाकार आहे, शिंपी आहे. पटवेकरी नाही. अवजारांसाठी पंधरा हजार रुपये, प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज पाचशे रुपये आणि पाच टक्के व्याजाने प्रथम एक लाख व नंतर दोन लाखांपर्यंत कर्ज, अशी तीत तरतूद आहे. यादी करणाऱ्यांस आपला धंदा ठाऊक नसेल तर तो त्यांचा अपराध म्हणता येणार नाही. आपण कधी सांगितले? कार्यकारिणीने यंदा या कामी रीतसर अर्ज करावा, अशी माझी सूचना आहे. मसुदा लिहून देण्यास मी तयार आहे. आणि जी मुले-मुली हे काम करतात त्यांनी बिलावर ओवणावळीची रक्कम वेगळी लिहावी, दहा रुपये असली तरी. लिहिलेले असले की गिऱ्हाईक विचारते. विचारले की सांगता येते.

आणखी एक विनंती आहे. जुना दागिना मोडीत देताना सोनार दोरा कापून परत देतो आणि आपण तो कचऱ्यात टाकतो. खऱ्या चांदीच्या कलाबतूचे गोंडे तर पुष्कळांनी चांदीसाठी जाळून टाकले. आपल्या आजी-पणजींच्या पेट्यांत जे गोफ, गोंडे, गंगावनाचे झुबके, वज्रटिकीच्या फाटक्या गाद्या शिल्लक असतील ते कृपया पुढील मेळाव्यास घेऊन यावे. कोणाच्या घरचा, किती पदरी, गाठ कोणती, रेशीम की सूत, एवढे मी एका वहीत उतरवून घेईन आणि वस्तू त्याच दिवशी परत करीन. चर्मकार समाजातील जाणती मंडळीही त्या दिवशी बोलवावीत. कातड्याच्या वेणीत पदर कसे धरतात, हे मला त्यांच्याकडून शिकावयाचे आहे. आणताना गोंडे धुऊन आणू नयेत. जुन्या रेशमाचा रंग पाण्यात उतरतो.