ज्ञानाचा हिशेब



संस्थेचे ज्ञान फायली मोजून कळत नाही. अमेरिकेच्या झेरॉक्स कंपनीतील यंत्रदुरुस्ती करणाऱ्यांवर ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने १९९६ साली पुस्तक प्रसिद्ध केले. छापील पुस्तिका हात टेकी, तिथे एकत्र जेवताना ऐकलेले किस्से त्यांच्या कामी येत. पुढे कंपनीने अशा युक्त्या ‘युरेका’ नावाच्या संगणकीय संग्रहात, सांगणाऱ्याच्या नावानिशी नोंदविल्या. किती जमल्या, हा आकडा अहवालात शोभतो खरा. पण दुसऱ्याच्या युक्तीने बंद यंत्र लवकर चालू झाले काय, हे पाहायला हवे.

आपणही निवृत्त शिक्षकाला हार घालतो, भाषणे करतो (मीही केली आहेत!). मुले गणितात नेमकी कुठे अडतात, हे त्यांनी नव्या शिक्षकाला सांगितले काय, एवढे मात्र कोणी विचारीत नाही.